मंडळी

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. कीर्तनकार ‘मंडळी’ म्हणून हाक मारतो तेव्हा समोर बसलेले सारे त्यात येतात. ‘घरची मंडळी कशी आहेत?’ असे विचारले की सारे कुटुंब डोळ्यांपुढे उभे राहते. जुन्या पिढीतला संकोची गृहस्थ ‘आमची मंडळी’ म्हणाला, तर तो आपल्या पत्नीविषयी बोलत आहे हे समजून घ्यायचे. आणि याच शब्दाला चौथा अर्थही आहे. बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्यांना मूळच्या ग्रीक शब्दासाठी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या एकत्र जमण्यासाठी, मराठी शब्द हवा होता. त्यांनी ‘मंडळी’ हाच शब्द घेतला. तेव्हापासून मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चच्या समुदायाला ‘आमची मंडळी’ म्हणतो.

हे दोन्ही अर्थ एकाच घरात एकमेकांपुढे उभे ठाकलेले मी लहानपणी पाहिले. त्याची ही हकीकत आहे. हकीकत घरगुती आहे, परंतु तिचा धागा धरून मागे जाऊ लागलो तेव्हा तो पार सोळा-सतराशे वर्षे मागे गेला. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. तेव्हा धागा दिसला की तो ओढून पाहायची खोड मला आहे, ती वाचकांनी दिवाळीच्या निमित्ताने सोसावी.

माझे वडील जंगल खात्यात कारकून होते. १९६० च्या सुमारास त्यांची बदली चांदा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी झाली. त्या वेळी जिल्ह्याचे नाव चांदाच होते आणि आजचा गडचिरोली जिल्हा त्याच्याच पोटात होता. तो वेगळा झाला १९८२ साली. गावाला एका बाजूने सागाचे जंगल, दुसऱ्या बाजूने धानाची बांधी. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती शिक्षक राहत. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे, आम्हीही गुरुजीच म्हणत असू. त्यांच्या पत्नीला आम्ही मुले मावशी म्हणत असू. मावशी मूळच्या सिरोंच्याकडच्या, प्राणहिता-गोदावरीच्या मुलखातल्या. घरची बोली तेलुगू; त्यामुळे त्यांचे मराठी ऐकताना शब्दांची शेपटे थोडी लांबल्यासारखी वाटत.

दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचे ताट जाई. नाताळला त्यांच्याकडून आमच्याकडे येई. त्यात करंज्या, शेव, अनारसे असेच सगळे असे. आमच्या ताटाहून वेगळे ओळखू येऊ नये इतके सारखे. परंतु आमची आजी ते ताट हसतमुखाने घेई, ‘छान झाल्यात हो’ असे न चाखताच म्हणे, आणि मागच्या दाराने ते गाईपुढे ठेवी. मावशींना हे ठाऊक होते की नाही, मला अजून सांगता येणार नाही. दर वर्षी ताट मात्र येत राहिले.

एका नाताळला गुरुजींनी मला त्यांच्या प्रार्थनेला नेले. चर्च कसले, कौलारू छपराची एक लांबट खोली होती. पन्नासेक माणसे असतील. गाणी झाली, वाचन झाले, उपदेश झाला. मग सगळे उभे राहिले आणि पाठ असलेले काहीतरी एका सुरात म्हणू लागले. गुरुजी म्हणाले, मावशी म्हणाल्या, शेवटच्या बाकावरचा शेतमजूरही म्हणाला. त्यानंतर एकेक जण पुढे जाऊन गुडघे टेकू लागला. पाद्रीसाहेब प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवीत आणि एकाच पेल्यातून प्रत्येकाला द्राक्षारस पाजीत. सगळे पुढे गेले. मावशी मात्र मागच्या बाकावर खाली मान घालून बसून राहिल्या.

परतताना मी विचारले, “गुरुजी, मावशी का नाही गेल्या?”

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्यांच्या डोक्यावर आमच्या बिशपांचा हात नाही रे, बाळ.”

मावशी पुढे चालत होत्या. त्या वळून एवढेच म्हणाल्या, “मी काय आजवर ख्रिस्ती नव्हते? पुन्हा कशाला डोक्यावर हात घ्यायचा?”

पुढे मोठेपणी मला या प्रश्नोत्तराचा अर्थ कळला. गुरुजी अँग्लिकन मंडळीतले. चांद्याला १८७० च्या सुमारास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन सुरू झाले, त्याच्या परंपरेतले. या परंपरेचा नियम असा, की ज्याचे दृढीकरण बिशपांच्या हातून झाले आहे, किंवा जो ते करून घ्यायला तयार आहे, त्यानेच प्रभुभोजनास बसावे. आणि बिशपही कसा? तर ज्याच्या मस्तकावर आधीच्या बिशपांनी हात ठेवले, त्यांच्या मस्तकावर त्यांच्याही आधीच्यांनी, अशी साखळी ज्याच्यामागे पार येशूच्या शिष्यांपर्यंत जाते, असा. मावशींचे माहेर अमेरिकन मेथडिस्ट मिशनच्या मंडळीतले. या मिशनचे ठाणे सिरोंच्याला होते. त्यांच्याकडेही बिशप होते. परंतु अँग्लिकनांच्या मते त्या साखळीतली एक कडी निसटलेली होती.

कडी निसटली ती १७८४ साली, आणि तीही चांद्यापासून हजारो कोस दूर. अमेरिका नुकतीच इंग्लंडपासून स्वतंत्र झाली होती. तिकडच्या मेथडिस्टांना बाप्तिस्मा द्यायला, प्रभुभोजन द्यायला पुरेसे पाद्री नव्हते. लंडनच्या बिशपांनी पाद्री नेमून देण्यास नकार दिला. तेव्हा जॉन वेस्ली यांनी, स्वतः बिशप नसून केवळ पाद्री असताना, आपल्याच हाताने माणसे नेमून अमेरिकेला पाठविली. मंडळी उपाशी राहू नये एवढाच त्यांचा हेतू. परंतु नियमाच्या वहीत तेथे एक रेघ तुटली. आणि त्या तुटलेल्या रेघेपायी पावणेदोनशे वर्षांनी चांद्याच्या जंगलातली एक बाई मागच्या बाकावर बसून राहिली!

इतिहासाचा विनोद असा, की त्याच १७८४ साली स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चनेही अमेरिकेसाठी एक काम केले. सॅम्युएल सीबरी नावाचे अमेरिकन पाद्री बिशपपदाची दीक्षा घेण्यासाठी इंग्लंडला आले होते. तेथे अडचण उभी राहिली. कारण दीक्षेच्या वेळी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे आणि स्वतंत्र अमेरिकेच्या माणसाला ती घेता येईना. तेव्हा स्कॉटलंडच्या बिशपांनी ॲबरडीन येथे त्यांना दीक्षा दिली, शपथेवाचून. त्यांना हे जमले, कारण त्यांच्याच पूर्वजांनी १६८९ साली नव्या राजाची शपथ नाकारली होती आणि त्यापायी राजमान्यता, उत्पन्न, मंदिरे सारे गमावले होते. राजाची शपथ हा श्रद्धेचा भाग नव्हे, हे या छोट्या चर्चने किंमत मोजून शिकलेले होते. चांद्याला मिशन पाठविणारे चर्च ते हेच.

या मिशनच्या आरंभीच्या काळात चांद्याला आलेला माणूस मात्र स्कॉच नव्हता, तो चित्पावन ब्राह्मण होता. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, बाप्तिस्म्यानंतरचे नाव नहेम्या. जन्म १८२५ चा. वाढले काशीत, शास्त्रे तेथेच शिकले. पाद्र्यांचे म्हणणे खोडून काढावे म्हणून त्यांच्याशी वाद घालू लागले आणि वाद घालता घालता १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. पुढे त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहून सहा दर्शनांशी वाद मांडला. त्यांच्याविषयी वाचताना मला चटका लागतो तो त्यांच्या पांडित्याचा नव्हे, तर त्यांच्या शंकांचा. शंका या माणसाला जन्मभर सोडीत नव्हत्या. आपण घेतलेले पाऊल बरोबर की चूक, हा प्रश्न रात्री-अपरात्री त्यांच्या उशाशी येऊन बसे. अशा माणसाला आधार हवा होता तो स्वतःच्या बुद्धीबाहेरचा. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य माणसांनी एकत्र उच्चारलेल्या विश्वासांगीकारात त्यांना तो सापडला. ‘मला पटते’ यापेक्षा ‘आम्ही मानतो’ हे शब्द त्यांना अधिक भक्कम वाटले असावेत, असा माझा तर्क आहे.

याच गोऱ्हेशास्त्र्यांचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु त्या ठरल्या मनस्वी. आपल्याला दीक्षेची वाट दाखविणाऱ्या भगिनींशीच त्यांनी पत्रांतून वाद मांडला: मी ख्रिस्ताची झाले, याचा अर्थ इंग्लंडच्या चर्चचे प्रत्येक मत मी मान्य केले असा होत नाही. जे बायबलात मला दिसते ते मी मानीन. तुमच्या मंडळीची सारी वहिवाट मानीन असे नाही. एकीकडे गोऱ्हे, ज्यांना परंपरेचा हात हवा होता; दुसरीकडे रमाबाई, ज्यांना तो हात मनगट धरू लागला की सोडवून घ्यावासा वाटे. दोघेही महाराष्ट्रीय, दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक. आवश्यक काय आणि सोडून देण्याजोगे काय, हा एकच प्रश्न दोघांपुढे होता.

मग ते आवश्यक तरी काय आहे? त्या नाताळच्या दिवशी उभे राहून सारे जे म्हणाले होते, ते ‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ या नावाने ओळखले जाते. मी ते गुरुजींकडून पुढे समजून घेतले. त्याचा मजकूर पाव पानाचाही नाही. देव एक आहे, तो पिता आहे, त्याने सृष्टी निर्माण केली. येशू ख्रिस्त हा त्याचा पुत्र. तो कुमारी मातेच्या पोटी माणूस म्हणून जन्मला, वधस्तंभावर मारला गेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि पुन्हा न्याय करण्यास येईल. पवित्र आत्मा आहे. मंडळी एक आहे. पापांची क्षमा आहे. मरणानंतर जीवन आहे. संपले.

इतिहासाचा मास्तर म्हणून माझे लक्ष एका गोष्टीकडे गेले. या अंगीकारात येशूखेरीज फक्त दोन माणसांची नावे आहेत. एक मरीया, त्याची आई. दुसरा पंतय पिलात, त्याला मरणदंड देणारा रोमन अधिकारी. एक आई आणि एक अंमलदार! अंमलदाराचे नाव कशाला घातले असेल? तर ही पुराणातली गोष्ट नाही, अमक्या राज्यात, अमक्या सुभेदाराच्या कारकिर्दीत घडलेली गोष्ट आहे, हे सांगण्यासाठी. पिलात हा इसवी सन २६ ते ३६ या काळात यहूदियाचा अधिकारी होता. आणि १९६१ साली कैसरिया येथील उत्खननात त्याच्या नावाचा शिलालेखही सापडला. म्हणजे आपल्याकडे बखरीत ‘अमुक सुभेदाराचे अमलात’ असे लिहावे, तसलाच हा उल्लेख.

या अंगीकाराचा उगम बाप्तिस्म्याच्या प्रश्नोत्तरांत आहे. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारीत: पित्यावर विश्वास आहे? पुत्रावर? पवित्र आत्म्यावर? तो तीनदा होय म्हणे. त्या तीन ‘होय’ची पुढे वाक्ये झाली. दुसरा, याहून थोडा विस्तृत अंगीकार निकेयाचा. इसवी सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया येथे बिशपांची सभा बोलाविली. अरियस नावाचा पाद्री म्हणू लागला होता की पुत्र हा थोर खरा, परंतु तोही निर्माण केलेलाच. सभेने ठरविले की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. पुढच्या वादात ‘त्याच तत्त्वाचा’ आणि ‘तशा तत्त्वाचा’ असे दोन पक्ष पडले. ग्रीक भाषेत या दोन शब्दांत फरक एका अक्षराचा. काना-मात्रेने अर्थ कसा बदलतो हे मराठी शाळामास्तराला सांगायला नको! ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथील सभेत या अंगीकाराला आजचे रूप आले. २०२५ साली निकेयाच्या सभेला १७०० वर्षे पुरी झाली. ज्यांची आपापसांत फारशी बोलचाल नाही अशी चर्चेसही ही शब्दावली आपली मानतात.

आता त्यात काय नाही ते पाहा. पाणी किती हवे, घागरभर की नदीभर, ते नाही. बिशपांची साखळी नाही. प्रार्थना कोणत्या भाषेत करावी, अंगावर काय घालावे, काय खावे, ते नाही. राजा तर नाहीच. आणि जात नाही.

तरीही माणसे जे लिहिलेले नाही त्यावरच अधिक भांडतात. चांद्याच्या मिशनमध्ये अनेक वर्षे घालविलेले अ‍ॅलेक्स वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. १९३२ साली व्हेरिअर एल्विन नावाचा तरुण इंग्रज पाद्री शामराव हिवाळे या आपल्या मराठी सहकाऱ्यासह मंडल्याकडच्या करंजिया गावी गोंडांत राहावयास गेला. गांधीजींचा हा चाहता. पाद्रीपणाचे काम करण्यास त्याला बिशपांचा परवाना हवा होता. बिशप वुड यांनी अट घातली ती इंग्लंडच्या राजाशी निष्ठेच्या शपथेची. एल्विन यांनी ती घेण्यास नकार दिला, परवाना मिळाला नाही, आणि काही वर्षांत त्यांनी चर्चही सोडले. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून ते जगाला ठाऊक झाले.

मला वुड यांना खलनायक करावयाचे नाही. त्यांनी या मुलखातला उन्हाळा, हिवताप आणि पायवाटा वर्षानुवर्षे सोसल्या होत्या. आणि एल्विन यांना गोंडांना ख्रिस्ती करण्याचीच इच्छा उरली नव्हती, हाही वादाचा भाग होता. परंतु १६८९ साली शपथ नाकारणाऱ्या, १७८४ साली शपथेवाचून दीक्षा देणाऱ्या चर्चच्या मिशनमधून वर आलेल्या बिशपाने १९३२ साली शपथेसाठी अडून बसावे, हे वाचले की वाटते, इतिहास शिकविणे सोपे, शिकणे अवघड.

नागपूर हे या साऱ्याचे नाके होते. १८४५ साली स्टीफन हिस्लॉप येथे आले ते स्कॉटलंडच्याच दुसऱ्या, प्रेस्बिटेरियन चर्चकडून. त्यांच्याकडे बिशपच नसतात. गोंडांची लिंगोची गाणी टिपून ठेवणारे ते पहिले. १८६३ साली टाकळघाटची जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले, आणि त्यांनी जमविलेला गोंडी मजकूर १८६६ साली छापून निघाला. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट: प्रत्येकाने आपापल्या देशातली भांडणे पेटीत घालून बरोबर आणली होती. ती भांडणे आपली नव्हेत, हे इथल्या मंडळींना हळूहळू उमजू लागले. नारायण वामन टिळकांनी तर १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली.

एकीकरणाच्या वाटाघाटी उत्तर हिंदुस्थानात १९२९ पासून चालू झाल्या. दक्षिणेत १९४७ च्या सप्टेंबरात चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले; उत्तरेला आणखी तेवीस वर्षे लागली. गाठ बसली होती दोन ठिकाणी. बाप्तिस्त आणि ब्रेदरन म्हणत, ज्याला समजते त्यालाच पाण्यात घालावे, तान्ह्या मुलाला नव्हे. ब्रेदरन तर तीन बुड्या देत. बाकीचे तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. दुसरी गाठ तीच, बिशपांच्या साखळीची. तोडगा निघाला तो असा: दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे चालतील. पवित्र शास्त्र, दोन विश्वासांगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे सर्वांचे. बिशप राहतील. आणि एकीकरणाच्या वेळी कोणाची दीक्षा खरी, कोणाची खोटी हे न ठरविता सर्व जण एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवतील व ज्यात जे उणे असेल ते देवाने पुरे करावे अशी प्रार्थना करतील. वादाचा निकाल न लावता वाद मिटविण्याची ही युक्ती मला आमच्या गावपंचायतींची आठवण करून देते.

मी त्या वेळी नागपूरला कॉलेजात होतो. १९७० च्या ऑगस्टात गुरुजींचे पत्र आले. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी ऐन वेळी बाहेर राहण्याचे ठरविले होते. म्हणजे मावशींची माहेरची मंडळी येणार नव्हती. पत्रात शेवटी एकच वाक्य होते: “आमची मंडळी दोन दिवस जेवली नाही.” कोणती मंडळी, हे मला विचारावे लागले नाही.

२९ नोव्हेंबर १९७०, रविवार. नागपूरच्या ऑल सेंट्‌स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. गुरुजी आणि मावशी आले होते. मी त्यांना पोचवायला म्हणून गेलो आणि गर्दीच्या मागे उभा राहिलो. दिल्लीपासून बंगालपर्यंतची, गुजरातेपासून ओरिसापर्यंतची माणसे होती. विश्वासांगीकाराची वेळ आली तेव्हा शेजारचा माणूस कोणत्या भाषेत म्हणतो आहे ते कळेना, परंतु कोठे थांबायचे ते प्रत्येकाला ठाऊक होते. मावशींनीही तो म्हटला. डोळे कोरडे होते. निघताना म्हणाल्या, “माझे भाऊ राहिले ना बाहेर!”

त्या नाताळला मी सुट्टीत गावी होतो. कौलारू खोली तीच, माणसेही तीच. प्रभुभोजनापूर्वी पाद्रीसाहेबांनी सांगितले, की कोणत्याही मंडळीत जो प्रभुभोजनास बसतो, त्याला येथेही मोकळीक आहे. गुरुजी उठले, पुढे गेले नाहीत, उभे राहून मागे पाहू लागले. मावशी बसूनच होत्या. इतक्या वर्षांची सवय! शेवटी शेवटच्या बाकावरच्या त्या शेतमजुराच्या बायकोने त्यांच्या कोपराला हात लावला. दोघी मिळून पुढे गेल्या. पेला एकच होता.

आपल्या देशात एका पेल्यातून पिणे ही साधी गोष्ट नव्हे, हे मी सांगायला नको. गोऱ्हेशास्त्री चांद्याला आले तेव्हा शास्त्र्यांच्या आणि अस्पृश्यांच्या पाणवठ्यांत मैलाचे अंतर होते. विश्वासांगीकारात जातीचा उच्चार नाही हे खरे. पण जो ‘मंडळी एक आहे’ म्हणतो त्याला पुढच्याच घडीला त्या पेल्याला ओठ लावावे लागतात. मराठी ख्रिस्ती समाजातही जात सहजासहजी सुटली नाही. सोयरिकीच्या वेळी ती डोके वर काढी, हे गुरुजींनीच मला कबूल केले होते. तरी दर रविवारी तो पेला फिरत राहिला. मुखाने म्हटलेले तत्त्व असे ओठांनी पुन्हा तपासून घेण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे फराळाला आई माझ्याबरोबर आली. आजी आधीच्याच वर्षी वारली होती. आईने बशीतली करंजी उचलली, थोडी थांबली, आणि खाल्ली. मावशी दुसरीकडे पाहत होत्या. मुद्दाम, असे मला वाटते.

गुरुजींच्या शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो. मधल्या काळात जिल्ह्यात आणखी एक मंडळी आली होती. १९६२ साली रोमच्या पोपांनी चांद्याचा मुलूख केरळच्या सीरो-मलबार कॅथलिक चर्चकडे सोपविला. १९७७ साली त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला. स्वतःला संत थोमाच्या परंपरेचे म्हणविणारे हे लोक, त्यांची उपासना पूर्वेकडच्या सिरियन वळणाची. त्यांच्या आणि गुरुजींच्या मंडळीत आजही एका ताटाचे प्रभुभोजन नाही. परंतु गुरुजींची शुश्रूषा करीत होती ती केरळची एक सिस्टर. खाटेच्या एका अंगाला मावशी, दुसऱ्या अंगाला सिरोंच्याहून आलेले त्यांचे भाऊ.

गुरुजींचा आवाज बसला होता. ते म्हणाले, “जरा म्हणा रे.” काय म्हणायचे ते कोणी विचारले नाही. मावशींनी मराठीत सुरुवात केली. भाऊ तेलुगूत पुटपुटू लागले. सिस्टर हातातले काम थांबवून मल्याळममध्ये. तीन भाषा, तीन मंडळ्या, ज्यांतल्या दोन एकमेकींच्या पंक्तीला बसत नाहीत. पिलाताचे नाव तेवढे तिन्ही भाषांत सारखेच ऐकू आले, आणि त्या नावापाशी तिघांची गाठ पडली. तेथून शेवटपर्यंत ते बरोबर गेले.

मी दाराशी उभा होतो. मला म्हणायचे नव्हते. तो माझा विश्वास नव्हे. परंतु कोठे थांबायचे, ते मलाही पाठ झाले होते.

मावशी पुढे पुष्कळ वर्षे होत्या. आमचे ताट दिवाळीला जात राहिले, त्यांचे नाताळला येत राहिले. आता त्यांची सून पाठविते. करंज्यांच्या कडा अजून तशाच मुरडलेल्या असतात.